पावसाळी प्रवासापूर्वी टायर तपासण्याबाबत सूचना
सर्व सभासदांना कळविण्यात येते की, ओल्या रस्त्यावर गाडी चालविण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या गाडीचे चारही टायर स्वतः तपासून घ्यावेत. टायरवरील खाचा रस्त्यावरचे पाणी बाजूला सारतात. त्या झिजल्या की वेगात असलेला टायर पाण्याच्या थरावर तरंगू लागतो आणि स्टिअरिंग व ब्रेक दोन्ही जवळजवळ निकामी ठरतात. खाचांच्या तळाशी असलेल्या झीजदर्शक उंचवट्याची (टायर इथवर झिजला की तो बदलावा, हे दाखविणाऱ्या खुणेची) उंची सामान्यतः १.६ मिलिमीटर असते, परंतु पावसासाठी ही मर्यादा अपुरी आहे. खाचांची खोली ३ मिलिमीटरवर आली की टायर बदलणे शहाणपणाचे. खाचा शाबूत दिसल्या तरी जुने रबर कडक होऊन पकड गमावते, म्हणून बाजूवरील चार आकडी संकेत अवश्य वाचावा: २३२१ म्हणजे २०२१ सालच्या २३व्या आठवड्यातील उत्पादन. दोनच नवे टायर घेतल्यास ते मागे बसवावेत, कारण पुढची चाके घसरण्यापेक्षा मागची घसरलेली गाडी सावरणे कितीतरी कठीण असते. (गॅरेजमध्ये याच्या उलट सल्ला मिळण्याची शक्यता आहे.) हवेचा दाब टायर थंड असताना, उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे ठेवावा, कमी दाबाचा टायर पाण्यावर लवकर तरंगतो.
गाडी तरंगू लागल्याचे जाणवल्यास ब्रेक जोरात दाबू नये. स्टिअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटरवरील पाय हलकेच उचलावा आणि पकड परत येईपर्यंत वेग आपोआप उतरू द्यावा.