उष्माघाताच्या सूचनांत लिथियमसाठी एक ओळ हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा लागला की सर्वच दैनिकांत उष्माघातापासून बचावाच्या सूचना चौकटीत छापून येतात. लहान मुले, गरोदर स्त्रिया, वृद्ध, हृदयविकार आणि मधुमेहाचे रुग्ण यांचा त्यांत उल्लेख असतो. लिथियमच्या गोळ्या घेणाऱ्या बायपोलर रुग्णांचा मात्र नसतो. ३० मार्चचा जागतिक बायपोलर दिन आणि विदर्भ-मराठवाड्यातले कडक ऊन पाठोपाठच येते, म्हणून हे जरा सविस्तर लिहीत आहे.

आधी आजाराविषयी थोडेसे. बायपोलर म्हणजे उन्माद आणि उदासी असे दोन्ही प्रकारचे झटके येणारा मनोविकार. उन्मादाच्या झटक्यात माणसाची झोप दोन-तीन तासांवर येते आणि तरीही त्याला थकवा जाणवत नाही. बोलणे थांबत नाही, मोठमोठे बेत सुरू होतात, पैसा उधळला जातो, अडवले की संताप होतो. हे आठवडाभर किंवा त्याहून जास्त चालते. उदासीचा झटका किमान दोन आठवड्यांचा, आणि बऱ्याचदा महिनोन्महिने रेंगाळणारा. उन्मादात आपल्याला काही झाले आहे असे रुग्णाला वाटतच नाही. तो दवाखान्यात येतो तो उदासीत. अशा वेळी ‘पूर्वी कधी झोप कमी होऊनही अंगात भलताच उत्साह होता का?’ हा प्रश्न घरच्यांना विचारला गेला नाही, तर साध्या नैराश्याचे औषध एकटेच सुरू होते आणि काही रुग्ण त्यावर उन्मादात जातात. नातेवाइकांनी ही माहिती न विचारताही सांगावी.

लिथियमचा उन्मादावरचा उपयोग ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध केला आणि डेन्मार्कचे मोगेन्स शू यांनी पुढच्या दशकात तो शास्त्रशुद्ध चाचण्यांनी तपासला. औषध जुने आहे, स्वस्त आहे आणि झटके पुन्हा येऊ न देण्यात आजही पहिल्या रांगेत आहे. आत्महत्येचा धोका कमी करण्याबाबत तर मनःस्थिती स्थिर ठेवणाऱ्या इतर कोणत्याही औषधापेक्षा याच्या बाजूने पुरावा भक्कम आहे. गुण यायला एक-दोन आठवडे लागतात, म्हणून तीव्र उन्मादात सुरुवातीला ओलान्झापिन किंवा रिस्पेरिडोनसारखे औषध जोडीला देतात.

एवढे असूनही ‘रक्ताची लेव्हल (म्हणजे रक्तातले लिथियमचे प्रमाण) बघत कोण बसणार’ म्हणून ते टाळले जाते आणि त्याऐवजी व्हॅल्प्रोएट हे मनःस्थिती स्थिर ठेवणारे दुसरे औषध लिहून दिले जाते. तरुण मुलींना आणि मूल होऊ शकेल अशा वयाच्या स्त्रियांनाही दिले जाते, हे फार चुकीचे आहे. गरोदरपणी व्हॅल्प्रोएट पोटात गेले तर १०० पैकी सुमारे १० बाळांत जन्मजात व्यंग आढळते आणि ३० ते ४० मुलांच्या बौद्धिक वाढीत अडचणी येतात. लिथियमचाही गर्भाच्या हृदयाला थोडा धोका असतो आणि तो मात्रेनुसार वाढतो, पण त्याची व्याप्ती इतकी मोठी नाही. गर्भधारणेचा विचार असेल तर तो आधी डॉक्टरांच्या कानावर घालावा, म्हणजे मात्रा आणि तपासण्या ठरवता येतात. दिवस राहिल्याचे कळताच घाबरून गोळ्या टाकून देणे मात्र धोक्याचे.

लेव्हलची भीती बहुतेक अपुऱ्या माहितीतून येते. नियम मोजके आहेत. रक्त शेवटच्या गोळीनंतर बरोबर १२ तासांनी द्यायचे. रात्री नऊला गोळी घेतली असेल तर सकाळी नऊला रक्त, आणि सकाळची गोळी असेल तर ती रक्त दिल्यानंतर. गोळी घेऊन तीनच तासांत रक्त दिले तर आकडा फुगलेला येतो, डॉक्टर मात्रा कमी करतात आणि झटका परततो. वीस तासांनी दिले तर आकडा उतरलेला दिसतो, मात्रा वाढते आणि विषबाधेची वाट मोकळी होते. म्हणून गोळीची आणि रक्त घेतल्याची वेळ लॅबच्या कागदावर लिहून घ्यावी. उपाशीपोटी जाण्याची गरज नाही. पाणी न पिता जाणे तर टाळावेच.

लॅबसाठीही एक सूचना. हिरव्या झाकणाच्या काही नळ्यांमध्ये रक्त गोठू नये म्हणून लिथियम हेपॅरिन घातलेले असते. त्या नळीत नमुना घेतला तर नळीतलेच लिथियम मोजले जाते आणि ठणठणीत माणसाचा अहवाल विषबाधेचा येतो. लाल किंवा पिवळ्या झाकणाची नळी वापरावी. रुग्णाला काहीच त्रास नाही आणि आकडा मात्र भयंकर, असे झाले तर पहिली शंका नळीवर घ्यावी. रुग्ण सुस्त असेल, हात थरथरत असतील, तर मात्र नळीच्या शंकेपायी उपचार खोळंबू देऊ नयेत.

नेहमीच्या देखभालीसाठी लेव्हल साधारण ०.६ ते ०.८ मिलिमोल प्रति लिटर ठेवतात, तीव्र उन्मादात त्याहून थोडी वर, वयस्कर रुग्णांत त्याहून खाली. औषध सुरू केल्यावर किंवा मात्रा बदलल्यावर पाच ते सात दिवसांनी तपासणी, आकडा स्थिर होईपर्यंत दर आठवड्याला, मग पहिले वर्ष दर तीन महिन्यांनी. पुढे सर्व सुरळीत असेल तर सहा महिन्यांनी चालते. मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, थायरॉइडसाठी टीएसएच आणि कॅल्शियम या तपासण्या सुरुवातीला आणि नंतर दर सहा महिन्यांनी हव्यात. थायरॉइड मंदावले तर बहुधा लिथियम बंद करावे लागत नाही, थायरॉक्सिनची गोळी पुरते. पण ते तपासलेच नाही तर आलेली मरगळ उदासीचा झटका समजून भलतेच औषध वाढवले जाते.

आता उन्हाचा संबंध. लिथियम शरीराबाहेर जाते ते जवळजवळ पूर्णपणे मूत्रपिंडावाटे, आणि मूत्रपिंड त्याला सोडियमसारखेच वागवते. घाम, जुलाब किंवा उलट्यांनी अंगातले पाणी आणि मीठ कमी झाले की मूत्रपिंड सोडियम धरून ठेवू लागते आणि त्याच्याबरोबर लिथियमही अडकते. गोळ्या तेवढ्याच असताना रक्तातली पातळी चढते. निर्जळी उपवासातही हेच होते, रोजाच्या दिवसांतही. रक्तदाबासाठी कुणी एकाएकी आळणी खाऊ लागले तरी तेच. मीठ ना अचानक तोडावे, ना अचानक वाढवावे, रोजच्यासारखे ठेवावे. उपवास करायचा असेल तर पाणी पिऊन करावा. रोजे ठेवायचे असतील तर रमजान लागण्याआधीच डॉक्टरांशी बोलून घ्यावे.

दुसरे कारण दुखण्यावरच्या गोळ्यांचे आणि माझ्या मते ते जास्त घातक, कारण तिथे कुणालाच संशय येत नाही. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, नेप्रोक्सेन ही औषधे लिथियमचा निचरा मंदावतात. गुडघेदुखीसाठी ती आठवडाभर सलग घेतली की लेव्हल वर जाते. आषाढी वारीत दिवसभर चालणे, घाम, पुरेसे पाणी नाही आणि पाय दुखतात म्हणून वेदनाशामक गोळी, असे सगळे एकत्र येते. लिथियम घेणाऱ्या वारकऱ्याने ‘मी लिथियमवर आहे’ एवढे वैद्यकीय पथकाला सांगावे; त्याच्यासाठी पॅरासिटामॉल चालते. रक्तदाबाच्या एनालाप्रिल, रॅमिप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन आणि विशेषतः हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन यांनीही पातळी वाढते. ही औषधे देण्याआधी फॅमिली डॉक्टरांनी मनोविकारतज्ज्ञाला फोन करावा. मेडिकल दुकानदारांनी साध्या ३०० मिलिग्रॅमच्या गोळीऐवजी हळूहळू विरघळणारी ४०० ची, किंवा उलट, परस्पर देऊ नये. हळूहळू विरघळणारी गोळी कुटून किंवा चावून घेऊ नये.

हातांना बारीक कंप, तहान, लघवीला जास्त जावे लागणे हे त्रास लिथियमबरोबर नेहमी दिसतात. पुढच्या भेटीत सांगितले तरी चालतात. मात्र कंप ठसठशीत होऊन चहाचा कप हातात धरवेना, चालताना तोल जाऊ लागला, जीभ जड झाली, जुलाब-उलट्या सुरू झाल्या, माणूस गुंगीत किंवा गोंधळलेला वाटला, तर पुढची गोळी थांबवून त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे, लेव्हल आणि क्रिएटिनिन तातडीने करावे. साध्या जुलाबांतही तो दिवस गोळी थांबवून डॉक्टरांना विचारावे आणि जलसंजीवनीचे पाकीट पुड्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच घ्यावे. राहिलेली गोळी दुसऱ्या दिवशी दुप्पट करून घेऊ नये. १.५ च्या वर आकडा म्हणजे विषबाधा समजतात, पण वर्षानुवर्षे औषध घेणाऱ्याला त्याहून कमी आकड्यावरही ती होते. अहवाल ‘नॉर्मल’ म्हणून गुंगीतल्या रुग्णाला घरी पाठवणे योग्य नाही. रुग्णालयात सलाइन लावतात, गंभीर असेल तर डायलिसिस करतात. इतर विषबाधांत देतात तो कोळसा इथे निरुपयोगी, कारण लिथियम त्याला चिकटत नाही. उशीर झाला तर लहान मेंदूला कायमची इजा होऊन चाल आणि बोलणे बिघडू शकते.

हे वाचून कुणी स्वतःच्या मनाने औषध बंद करू नये, ही कळकळीची विनंती. जुलाब-उलट्यांत एखादा दिवस थांबणे वेगळे आणि औषध सोडून देणे वेगळे. लिथियम एकदम सोडले तर पुढच्या काही महिन्यांत उन्माद परतण्याचा आणि आत्महत्येचा धोका वाढतो. थांबवायचेच असेल तर निदान चार आठवडे, शक्यतो तीन महिने घेऊन मात्रा पायरीपायरीने उतरवतात. जवळ मनोविकारतज्ज्ञ नसेल तर जिल्हा रुग्णालयाच्या मानसिक आरोग्य विभागात जावे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीतून बोलता येते.

आपल्याकडून एवढीच अपेक्षा: यंदाच्या उष्माघाताच्या चौकटीत ‘लिथियम घेणाऱ्यांनी पाणी आणि मीठ कमी पडू देऊ नये, डॉक्टरांना विचारल्याशिवाय वेदनाशामक घेऊ नये, जुलाब-उलट्या झाल्यास त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे’ ही ओळ छापावी.

कळावे,
एक मनोविकारतज्ज्ञ, अकोला