रांगेच्या टोकाशी पाटी धरून उभ्या राहणाऱ्या स्वयंसेवकास

सप्रेम नमस्कार.

टीव्ही मालिकांच्या फॅन महोत्सवात शेवटी स्टेजवरून आभार मानले जातात तेव्हा कलाकार, लेखक, दिग्दर्शक, प्रायोजक अशी नावं येतात. त्या वेळी तुम्ही हॉलच्या बाहेर असता. आतला कार्यक्रम संपण्याच्या आधीच पुढच्या कार्यक्रमाची रांग लागलेली असते आणि तिच्या शेवटी ‘रांग इथे संपते’ अशी पाटी उंच धरून तुम्ही उभे असता. टाळ्या तुमच्यापर्यंत पोचतच नाहीत. म्हणून हे पत्र, रांगेत उभं राहणाऱ्या आम्हा सगळ्यांकडून.

सगळ्यात आधी आभार खरं सांगितल्याबद्दल. ‘इथून पुढे जागा मिळेल असं वाटत नाही’ हे वाक्य दोन तास प्रवास करून आलेल्या माणसाला तोंडावर सांगणं सोपं नाही. पण ते वेळेवर सांगितलं तर तो माणूस दुसऱ्या हॉलमधला कार्यक्रम गाठू शकतो, सहीच्या रांगेत जाऊ शकतो. गोड बोलून त्याला तीन तास उभं केलं आणि मग दार बंद झालं तर त्याचा अख्खा दिवस गेला. आणि हे खरं सांगता यायला आधी हिशेब करावा लागतो, तो तुम्ही करता.

समजा हॉलमध्ये ८०० खुर्च्या आहेत. ६० पाहुण्यांसाठी आणि पत्रकारांसाठी राखीव, २० व्हीलचेअरवर येणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या सोबत्यांसाठी. राहिल्या ७२०. आता खरा प्रश्न, आधीचा कार्यक्रम संपल्यावर हॉल रिकामा करतात की नाही? करत नसतील आणि ३०० जण पुढच्या कार्यक्रमासाठी बसूनच राहिले, तर बाहेरच्यांना ४२०. म्हणजे ‘इथून पुढे जागा मिळेल असं वाटत नाही’ हे सांगायचं ४२० व्या माणसाच्या मागून. बाहेरून रांग पाहणाऱ्याला वाटतं, हॉल तर ८०० चा आहे, रांगेत पाचशेच दिसतायत, सहज आत जाऊ. हाच घोटाळा सगळ्यात जास्त लोकांना भोवतो. अमेरिकेतल्या सॅन डिएगोच्या कॉमिक-कॉन या चाहत्यांच्या मेळ्यात मोठ्या मालिकांचे कार्यक्रम ज्या हॉल एचमध्ये होतात, तिथे सुमारे ६,५०० माणसं बसतात आणि दोन कार्यक्रमांच्या मध्ये हॉल रिकामा केला जात नाही. त्यामुळे दुपारी चारचा कार्यक्रम पाहायचा म्हणून लोक सकाळपासून आत जाऊन बसतात. तिथे २०१४ पासून आदल्या दिवशीच रांगेतल्या लोकांना मनगटी पट्ट्या द्यायला सुरुवात झाली, ती याच हिशेबापायी. पट्टी मिळाली की आपण कुठे आहोत ते कळतं.

मोजणी चुकते ती बहुधा मित्रांमुळे. एक जण उभा असतो आणि त्याचे पाच जण ‘येतायत, खाली पार्किंगमध्ये आहेत’. हातातल्या काउंटरवर तुम्ही एक टिचकी मारलेली असते आणि दार उघडायच्या वेळी तिथे सहा माणसं असतात. अशा दहा जागा निघाल्या की पन्नास माणसं वाढली आणि मागच्या पन्नासांना दिलेला शब्द खोटा पडला. म्हणूनच तुम्ही मोजताना प्रत्येकाला थांबून विचारता, ‘तुमच्याबरोबर अजून किती?’ आणि तेवढ्या टिचक्या मारता. दर ५० माणसांनंतर जमिनीवर रंगीत चिकटपट्टी लावता, म्हणजे पुन्हा मोजायची वेळ आली तर सगळी रांग पहिल्यापासून मोजावी लागत नाही. हे आम्हाला दिसतं. रांगेतल्यांनी स्वतःहून खरा आकडा सांगितला तर तुमचं अर्धं ओझं कमी होईल, हे जाता जाता इथे लिहून ठेवतो.

आत गेल्यावरही तुमची नजर खुर्च्यांवरच असते. लोक सवयीने कडेला बसतात, मधे एकेक खुर्ची सुटते. ‘मधे सरका, खुर्चीवर पिशवी ठेवू नका’ हे तुम्ही दहा वेळा ओरडता, आणि शेवटी बाहेर येऊन विचारता, ‘एकटं कोण आहे?’ सुट्या खुर्च्यांवर एकटी आलेली माणसं जातात. रांगेत मागे राहिलेल्या कितीतरी जणांना आपली आवडती मालिका घडवणारी माणसं डोळ्यांनी पाहायला मिळतात ती केवळ या एका प्रश्नामुळे.

अंदाज चुकण्याचा हा त्रास या मेळ्यांच्या जन्मापासूनचा आहे. ‘स्टार ट्रेक’ ही अमेरिकन मालिका १९६९ साली बंद झाली. जानेवारी १९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात चाहत्यांनी तिचं पहिलं मोठं संमेलन भरवलं. आयोजकांची अपेक्षा काही शे माणसांची होती, आली ३,००० हून जास्त. नाव नोंदवल्याचे बिल्ले संपले. मालिका बंद पडून अडीच वर्षं झाली असताना इतकी माणसं येतील हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. त्या दिवशीही कोणीतरी दाराशी उभं राहून माणसं आत सोडत असणार. तुम्ही त्यांचेच वारस.

आता रांग लावण्याबद्दल. हे काम आमच्यातल्या बहुतेकांना काम वाटतच नाही, म्हणून जरा सविस्तर.

लांब रांग नागमोडी दुमडावी लागते, आणि जिथे ती येण्याजाण्याचा रस्ता किंवा आपत्कालीन दार ओलांडते तिथे तोडावीच लागते. ते दार अडलं तर कार्यक्रमच बंद करावा लागेल. पण तुटलेली रांग फसवी असते. नवा आलेला माणूस पहिल्या तुकड्याचा शेवट पाहतो, त्याला वाटतं रांग इथेच संपली, आणि तो निष्पापपणे दोनशे लोकांच्या पुढे उभा राहतो. मागचे चिडतात, तो गोंधळतो, भांडण लागतं. तुम्ही तिथे दोन माणसं उभी करता, फटीच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक. अलीकडच्याच्या हातात ‘रांग पुढे चालू आहे’ अशी वेगळी पाटी असते. पुढे जागा झाली की एकेक माणूस न सोडता दहा-दहांचा गट सोडता. एकेक सोडला की फटीतून सतत माणसं वाहत राहतात आणि रस्ता अडतो. गटाने सोडलं की मधल्या वेळात रस्ता खरोखरच मोकळा राहतो.

दुसरी गोष्ट, बसलेली रांग. लोक दमतात, खाली बसतात, आणि बसू द्यावंच. पण बसलेल्या माणसाला, पाय आणि पिशवी मिळून, उभ्या माणसापेक्षा बरीच जास्त जागा लागते. दार उघडल्याबरोबर सगळे एकदम उठले तर पुढे मोकळी जागा पडते, मागच्यांना वाटतं कोणीतरी घुसेल, आणि ते धावतात. गर्दीत माणसं पडतात ती अशी. तुम्ही दार उघडायच्या पंधरा मिनिटं आधी पुढच्या ओळीपासून एकेक ओळ उठवता, पिशव्या खांद्याला लावायला सांगता, दोन पावलं पुढे सरकवता आणि मग पुढच्या ओळीकडे वळता. दार उघडतं तेव्हा रांग आधीच आखडलेली असते. मग तुमच्यापैकी एक जण सगळ्यांच्या पुढे, साध्या चालीने चालतो, आणि त्याला ओलांडून कोणी जात नाही. धावाधाव टाळायचा याहून चांगला उपाय आमच्या पाहण्यात नाही.

चक्कर येणाऱ्यांना सांभाळलंत त्याबद्दलही. गुडघे ताठ ठेवून एकाच जागी खूप वेळ उभं राहिलं की पोटऱ्यांचे स्नायू हलत नाहीत, रक्त पायांत साचतं, मेंदूकडे कमी पोचतं, आणि धडधाकट माणूसही कोसळतो. आवडत्या पात्राचा वेश म्हणून फोमचं चिलखत घालून आलेल्यांचं तर आणखी कठीण. घाम वाळत नाही, मुखवट्यातून श्वास कोंडतो, आणि पोशाख बिघडेल म्हणून ते पाणी प्यायचं टाळतात. तुम्ही रांगेतून फिरताना ‘टाचा उचला, गुडघे सैल सोडा, पाणी प्या’ म्हणता. कोणी पडलंच तर लगेच उभं करत नाही, आडवं करून पाय उंच ठेवता, मुखवटा काढता आणि प्रथमोपचाराच्या माणसांना बोलावता. आणि त्या माणसाची रांगेतली जागा शेजारच्याला सांगून राखून ठेवता. ती जागा राखणं फार मोलाचं आहे. जागा जाईल या भीतीनेच लोक बरं वाटत नसल्याचं लपवतात.

सहीच्या रांगेतली तुमची मदत तर घरी भिंतीवर लागलेली आहे. कलाकार ६० मिनिटं बसणार असेल आणि माणशी अर्धा मिनिट धरलं तर १२० सह्या होतात. प्रत्येक जण मिनिटभर बोलला तर ६०. कलाकाराला यायला दहा मिनिटं उशीर झाला तर त्यातूनही कापायचं. तुम्ही टेबलाच्या बऱ्याच आधी, दहा-बारा माणसं अलीकडे, प्रत्येकाच्या हातात चिकटचिठ्ठी देता आणि ज्याच्या नावे सही हवी त्याचं नाव मोठ्या अक्षरांत लिहून घेता. एकाच नावाची तीन स्पेलिंगं असू शकतात. टेबलाशी उभं राहून ‘नाही, आय नाही, डबल ई’ सांगण्यात वीस सेकंद जातात, आणि चुकलं तर फोटो वाया. शिवाय चिठ्ठी जिथे चिकटवली असेल त्याच्या शेजारी सही होते, म्हणजे ती चेहऱ्यावर पडत नाही.

मार्करचंही तुम्हीच सांगितलंत. गडद फोटोवर काळी सही दिसत नाही, तिथे चंदेरी किंवा सोनेरी पेंट मार्कर हवा. फिकट फोटोवर साधा काळा परमनंट मार्कर उत्तम. बॉलपेन गुळगुळीत कागदावर नीट उमटत नाही आणि दाबल्याने खड्डा पडतो. पेंट मार्कर टोपण लावूनच हलवायचा, मग रद्दी कागदावर टोक दाबून शाई खाली आणायची. हे फोटोवर केलं तर नायिकेच्या गालावर थेंब पडतो. सही झाल्यावर फोटो दोन-तीन मिनिटं आडवा धरायचा. ओला फोटो पाकिटात सरकवला की शाई पसरते, आणि सर्वात जास्त सह्या वाया जातात त्या अशाच, टेबलापासून चार पावलांवर. पाकीट मऊ, उग्र वासाच्या पीव्हीसीचं नको, कारण त्याला मऊ ठेवणारं रसायन हळूहळू बाहेर येतं आणि शाई ओढून घेतं. पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकचं घ्यावं, आत मागे जाड पुठ्ठा घालावा, आणि घरी उन्हाची तिरीप येते त्या भिंतीवर लावू नये.

कलाकारासोबतच्या फोटोचं काम काही सेकंदांत उरकतं, म्हणून ‘पिशवी टेबलावर, फोन खिशात, चष्मा असेल तर हनुवटी जराशी खाली’ हे आधीच सांगून ठेवणं आणि छापील फोटो तिथून हलण्याआधी तपासायला लावणं, एवढं पुरतं. डोळे मिटलेले असतील तर तेव्हाच पुन्हा निघतो, तासाभराने नाही.

प्रवेशाच्या रांगेत तुम्ही दारापासून पन्नास पावलांवरच ‘पास उघडून ठेवा’ म्हणता, त्यालाही कारण आहे. हजारो फोन एका जागी आले की नेटवर्क अडकतं. पास घरूनच फोनमध्ये उतरवून ठेवलेला बरा. काही पासांवरचा कोड दर थोड्या सेकंदांनी बदलतो, तिथे स्क्रीनशॉट चालत नाही. स्क्रीनचा उजेड पूर्ण वाढवला नाही तर यंत्र कोड वाचत नाही आणि मागे रांग तुंबते.

आणि माईकच्या रांगेतला तुमचा तो हळू आवाजातला प्रश्न, ‘काय विचारणार आहात?’ माणसाने आपला प्रश्न एकदा मोठ्याने म्हणून पाहिला की त्यातली प्रस्तावना आपोआप गळते. तुम्ही माईक त्याच्या तोंडापासून मूठभर अंतरावर धरता आणि तो स्पीकरसमोर जाऊ लागला तर खांद्याला धरून वळवता, नाहीतर शिट्टी वाजते. लाजऱ्या मुलांना तर तुमच्यामुळेच आवाज फुटतो. थरथरत्या हाताने माईक धरायची वेळ तुम्ही त्यांच्यावर येऊ देत नाही, आणि ज्या पात्राने त्यांना वर्षानुवर्षं सोबत केली त्याच्याबद्दल ती लिहिणाऱ्यालाच विचारू शकतात.

एक विनंती. जपानमधल्या कॉमिकेट या मेळ्यात रांगेच्या टोकाची पाटी शेवटी उभा असलेला माणूसच धरतो आणि मागे कोणी आलं की त्याच्या हाती देतो. आपल्याकडेही तसं करू या. तुम्हाला पाणी प्यायचं असेल, दोन मिनिटं टेकायचं असेल, तेव्हा पाटी बिनधास्त आमच्याकडे द्या. काठी डोक्याच्या वर, अक्षरं रांगेकडे नव्हे, तर नव्याने येणाऱ्या माणसाकडे वळवलेली, आणि नवा कोणी आला की आधी विचारायचं, ‘तुमच्याबरोबर अजून किती?’

आपले कृतज्ञ,
रांगेतले आम्ही सगळे