अभ्यासिकेसाठी निळसर करडा

पुणे

प्रिय श्रीधर,

सप्रेम नमस्कार.

अभ्यासिकेच्या भिंतींसाठी तू पाठवलेल्या निळसर करड्या रंगाच्या तिन्ही नमुना-पट्ट्या मिळाल्या. एकेकटी हातात घेतली तर तिन्ही सारख्याच वाटतात, आणि ‘उगाच कीस पाडू नका’ हे वहिनींचे म्हणणे पटू लागते. पण पांढऱ्या कोऱ्या कागदावर शेजारी शेजारी ठेवताच पहिलीतली हिरवट झाक, दुसरीतली जांभळट झाक आणि तिसरीतला किंचित मातकटपणा वेगवेगळा दिसतो. तुला दुसरी आवडली आहे. माझे मत मात्र तिसरीला आहे.

कारण तुझी अभ्यासिका उत्तरेच्या खिडकीची आहे. पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य उत्तरेकडे कललेला असतो, पण त्यातला बराच काळ ढगांतच जातो. एरवी वर्षभर त्या खोलीत आकाशाचा निळसर उजेडच येतो आणि तो भिंतीवरचा निळा आणखी गडद करतो. त्यात वडिलांचे सागवानी कपाट आहे. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात रंगाईचे काम पाहणाऱ्या शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाने 1839 मध्ये सविस्तर मांडले की शेजारचा रंग डोळ्याला आपल्या विरुद्ध रंगाकडे ढकलतो. सागवानाची तांबूस-नारिंगी छटा शेजारच्या करड्याला निळा करणार, हे ओघानेच आले. पट्टीवर मळकट वाटणारी तिसरी छटा त्या भिंतीवर शांत निळसर दिसेल, आणि दुसरी थेट जांभळी. पहिलीचा विचार करू नकोस. खाली हिरवट कोटा फरशी असताना भिंतीतही हिरवट झाक नको.

माझ्यावर विसंबू नकोस, स्वतः पाहा. मात्र जुन्या पिवळ्या भिंतीवर नमुना लावू नकोस, कारण त्या पिवळ्याशेजारी कोणताही निळा भडकच दिसतो. दोन फुटांच्या हार्डबोर्डवर प्रायमर मारून रंगाचे दोन हात दे आणि पूर्ण वाळू दे, कारण इमल्शन वाळल्यावर बहुधा थोडे गडद होते. मग तो बोर्ड कपाटाला टेकवून सकाळी पाहा आणि रात्री दिवा लावूनही पाहा. तू रात्रीच वाचतोस, म्हणून रात्रीचा कौल मोठा मानावा. 6500 केल्विनच्या पांढऱ्या एलईडीखाली जी छटा नेटकी दिसते, ती 3000 केल्विनच्या पिवळसर दिव्याखाली निव्वळ राखाडी होऊ शकते. तेव्हा दिवा कोणता ठेवायचा ते आधी ठरव.

फिनिश मॅटच घे. बाजूच्या खिडकीतून तिरपा उजेड पडला की चकाकत्या रंगात पुट्टीचा प्रत्येक उंचवटा उठून दिसतो, आणि पेंटर त्याचे खापर भिंतीवर फोडतो. सगळे डबे एकदमच मिसळून घे व एका मोठ्या बादलीत एकत्र ढवळ, कारण मशीनवर मिसळलेल्या दोन डब्यांतही थोडा फरक राहू शकतो.

बोर्ड पाहून झाला की पेंटरला इसार देण्यापूर्वी मला फोन कर. वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुधीर