दार-ए-सलामला निघालेल्या मुक्ताला

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

काल टांझानियातल्या नेमणुकीबद्दल तुझं कौतुक करायचं सोडून मी "तिथं जपून बोल" एवढंच तीनदा म्हणालो. तू रागावलीस ते बरोबरच होतं. आज तो विषय नाही.

टांझानियाचे मुत्सद्दी सलीम अहमद सलीम यांच्याबद्दल मात्र वाचून जा. जन्म झांझिबारचा, १९४२. बाविसाव्या वर्षी कैरोत राजदूत, म्हणजे तुझ्याहून चार वर्षांनी लहान! पुढच्याच वर्षी दिल्लीत उच्चायुक्त. मग चीन, आणि १९७० पासून दहा वर्षं न्यूयॉर्क, संयुक्त राष्ट्रांत टांझानियाचे प्रतिनिधी.

२५ ऑक्टोबर १९७१ ला संयुक्त राष्ट्रांतली चीनची जागा तैवानकडून काढून बीजिंगच्या सरकारला मिळाली. ७६ विरुद्ध ३५, तटस्थ १७ हा आकडा सगळ्यांना पाठ असतो. पण खरी झुंज त्याआधी झाली. तैवानला काढायला दोन तृतीयांश मतं लागावीत, हा अमेरिकेच्या बाजूचा प्रस्ताव ५५ विरुद्ध ५९ नं पडला आणि वारं फिरलं. कार्यपद्धतीवरचं मतदान कधी किरकोळ समजू नकोस. त्या रात्री टांझानियाची मंडळी सभागृहातच नाचली.

१९८० त सलीम परराष्ट्रमंत्री झाले, १९८१ त संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवपदाला उभे राहिले. सुरक्षा परिषदेत १५ पैकी ९ मतं लागतात. पहिल्या फेरीत त्यांना ११, तेव्हाचे महासचिव वाल्डहाइम यांना १०. तरी दोघंही अडले, कारण पाच स्थायी सदस्यांपैकी एकाचं विरोधी मत पडलं की बाकीची मतं वाया जातात. तटस्थ राहिला तर चालतं. सलीमना अमेरिकेनं अडवलं, वाल्डहाइमना चीननं. अशा १६ फेऱ्या झाल्या, आणि शेवटी पेरूचे पेरेझ द क्वेयार निवडले गेले. दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णद्वेषी राजवटीविरुद्ध सलीमनी घेतलेली भूमिका वॉशिंग्टनला खुपत होतीच, पण दहा वर्षांपूर्वीचा तो नाचही विसरला गेला नव्हता, असं जाणकार सांगतात. म्हणून म्हणतो, मुक्ते, तिथं जरा... पुन्हा तेच. माफ कर. नंदूकाकाचं झालं तेव्हापासून हे मनातून जात नाही.

भेट झाली की टिपण त्याच रात्री लिही. समोरच्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत, तुझं मत खाली वेगळ्या परिच्छेदात. दोन्ही मिसळलं की सहा महिन्यांनी फाइल उघडणाऱ्याला कोण काय म्हणालं ते कळत नाही. पाठिंबा मोजताना लेखी, तोंडी आणि नुसते हसलेले असे तीन रकाने कर. तिसरा शून्य धर.

सलीमनी मात्र भूमिका बदलली नाही, हेही खरं. पुढे ते पंतप्रधान झाले, आणि १९८९ पासून बारा वर्षं आफ्रिकी एकता संघटनेचे महासचिव. तुला गप्प बस म्हणण्याचा मला काय अधिकार? लहानपणी वाड्यात सगळ्यांसमोर तूच बोलायचीस, आणि मी दाराआडून ऐकत राहायचो.

पिवळ्या तापाच्या लशीचा दाखला दहा दिवसांनी लागू होतो, तारीख मोजून घे. आईनं निळ्या बॅगेत मेतकूट ठेवलंय. पोचलीस की फोन कर. रागात केलास तरी चालेल.

बाबा