का मारलं, तेही लिहून घ्या

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने समलिंगी संबंधांबद्दलच्या, जुन्या दंड संहितेतल्या कलम ३७७ चा निकाल दिला, तेव्हापासून ऑफिसात, लग्नाकार्यात कुठेही हा विषय निघाला की एकच ऐकू येतं, आता तर सगळं कायदेशीर झालं ना, मग अजून काय पाहिजे या लोकांना. असं म्हणणारी माणसं वाईट नसतात, त्यांना खरंच वाटतं की प्रश्न मिटला. पण त्या निकालाने दोन सज्ञान माणसांनी आपल्या मर्जीने जवळ येणं हा गुन्हा राहिला नाही, मारहाणीचा प्रश्न तिथे नव्हताच. त्याच माणसांना गाठून, ती तशी आहेत एवढ्याच कारणासाठी कुणी त्यांची हाडं मोडली तर ते कारण आपल्या फौजदारी कायद्यात आजही कुठे लिहिलेलं नाही.

माझ्या नात्यातला एक मुलगा आहे, पंचविशीतला, नोकरी करणारा. अ‍ॅपवर ओळख झालेल्या एकाला भेटायला गेला, थोड्या वेळात अजून तिघं आत आले, दार लावलं, कपडे काढायला लावून मोबाईलवर शूटिंग केलं, पट्ट्याने मारलं आणि त्याच्याच फोनवरून यूपीआयने खात्यातले सगळे पैसे वळते करून घेतले. मारताना ज्या शिव्या देत होते त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत पण सगळ्या एकाच गोष्टीवरून होत्या, तो गे आहे यावरून. जाताना म्हणाले, जा पोलिसात, सांग तिथे काय करायला आला होतास. मी त्याच्याबरोबर पोलीस स्टेशनला गेले. ठाणे अंमलदाराचा पहिला प्रश्न, तू तिथे गेलासच कशाला. दुसरा प्रश्न, घरी माहितीये का. एफआयआर नाहीच, एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद घेतली आणि त्यात लिहिलं "पैशाच्या देवाणघेवाणीवरून शिवीगाळ व मारहाण". खंडणी हा दखलपात्र गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, तेव्हा गुन्हा तिथल्या तिथे दाखल व्हायला हवा होता. पण मला जास्त लागलं ते वेगळंच. ते चौघं त्याला का मारत होते याचा एक शब्द त्या कागदावर नव्हता, वाचणाऱ्याला वाटेल उसनवारीचं भांडण आहे. आणि हा पोरगा माझा हात दाबून म्हणतो, जाऊ दे ना मावशी, करतो सही, घरी पत्र गेलं तर पंचाईत होईल.

अशा टोळ्यांच्या बातम्या आता बऱ्याच शहरांतून येतात. त्यांना बरोबर माहीत असतं की हा माणूस तक्रार करणार नाही, म्हणून तर त्याला निवडलेलं असतं. या निवडण्याची दखल कायद्याने घ्यावी एवढंच माझं म्हणणं आहे. चोरी झाली, मार बसला, ते आहेच, पण तो आहे तसा आहे म्हणून त्याच्यावरच ही वेळ आली, हा गुन्ह्याचाच भाग आहे आणि तोच कागदावर येत नाही.

आता कायदा काय म्हणतो ते बघा. तृतीयपंथी व्यक्तींसाठी संसदेने २०१९ साली वेगळा कायदा केला, तृतीयपंथीयांचे हक्क मान्य करणाऱ्या सुप्रीम कोर्टाच्या २०१४ च्या नालसा निकालानंतर पाच वर्षांनी. त्याच्या कलम १८ मधे शारीरिक, लैंगिक, शाब्दिक, मानसिक, आर्थिक असे सगळे अत्याचार एकाच दावणीला बांधले आणि शिक्षा ठेवली कमीत कमी सहा महिने आणि जास्तीत जास्त दोन वर्षं. बाईवर बलात्कार झाला तर कमीत कमी दहा वर्षं आणि ट्रान्सजेंडर व्यक्तीवर लैंगिक अत्याचार झाला तर जास्तीत जास्त दोन. त्यात फौजदारी प्रक्रियेचा नियम असा की अशा वेगळ्या कायद्याखाली तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षा असेल तर तो गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र. म्हणजे जो कायदा संरक्षण म्हणून आणला त्याच्याच जोरावर पोलीस एनसी घेऊन मोकळे होऊ शकतात. हे वाचल्यावर मला रात्री झोप लागली नाही, खरं सांगते.

दुसरं म्हणजे, पुरुषावर किंवा ट्रान्स व्यक्तीवर जबरदस्ती झाली तर ३७७ चा उरलेला भाग लावता यायचा, सुप्रीम कोर्टाने तेवढा मुद्दाम शाबूत ठेवला होता. १ जुलै २०२४ ला जुन्या दंड संहितेच्या जागी नवी न्याय संहिता लागू झाली आणि तो भागही गेला, त्याच्या जागी काहीच आलं नाही. नव्या संहितेच्या कलम ६३ मधे बलात्काराची पीडित फक्त स्त्रीच. संसदेच्या गृहविषयक स्थायी समितीने २०२३ मधे सांगितलं होतं की संमती नसलेल्या कृत्यांपुरतं ३७७ ठेवा, पण ऐकलं गेलं नाही.

नव्या संहितेत एक गोष्ट मात्र चांगली आली, कलम १०३(२). पाच किंवा जास्त जणांनी मिळून वंश, जात किंवा समुदाय, लिंग, जन्मस्थान, भाषा, वैयक्तिक श्रद्धा किंवा तशाच इतर कारणावरून खून केला तर जन्मठेप किंवा फाशी. द्वेषाचं कारण कायद्यात लिहिता येतं हे सरकारने इथे स्वतःच मान्य केलंय. पण या यादीत लैंगिक कल (कुणाविषयी ओढ वाटते) नाही, लिंगओळख (स्वतःला स्त्री, पुरुष की तृतीयपंथी मानतो) नाही. वकील म्हणतील "लिंग" या शब्दात ते येतं, सुप्रीम कोर्टाने राज्यघटनेच्या कलम १५ चा अर्थ तसा लावलाय, आणि ते बरोबरही आहे. पण माणूस मेल्यावर वर्षानुवर्षं कोर्टात शब्दांवर वाद घालण्यापेक्षा आधीच दोन शब्द लिहून टाकायला काय हरकत आहे? आणि पाचच जण का? माझ्या पोराला मारणारे चौघं होते. २०१८ च्या मे महिन्यात हैदराबादमधे मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने तृतीयपंथीयांना मारलं, त्यात एकीचा जीव गेला. अफवा मुलं पळवण्याची होती, पण जमावाला त्या तशा दिसल्या म्हणून संशय त्यांच्यावर आला, ही बाजू लिहायला कायद्यात जागा कुठे आहे.

वेगळा कायदा कशाला, मार तो मार, असं म्हणणाऱ्यांना मी अ‍ॅट्रॉसिटीची आठवण देते. १९८९ चा तो कायदा याच पायावर उभा आहे की दलित-आदिवासी माणसाला तो दलित किंवा आदिवासी आहे म्हणून मारलं तर तो साधा मारहाणीचा गुन्हा नाही, ती सगळ्या वस्तीला दिलेली धमकी आहे. मला त्यातली सगळ्यात मोलाची वाटतात ती कमी चर्चेतली कलमं. कलम ४, कर्तव्यात जाणूनबुजून कुचराई करणाऱ्या सरकारी नोकराला सहा महिने ते एक वर्ष कैद. आणि नंतर दुरुस्तीने आलेलं १५अ, पीडित आणि साक्षीदारांचे हक्क. मला शिक्षा किती वर्षांची यात फार रस नाही, शिक्षा वाढवून द्वेष कमी होतो यावर माझा तितका विश्वासही नाही. पण तक्रार न घेणाऱ्याला जाब विचारता आला पाहिजे आणि तक्रारदाराचं नाव, त्याची ओळख घरापर्यंत न पोचता तपास झाला पाहिजे, कारण आमच्या पोरांना मारापेक्षा त्याचीच भीती जास्त आहे.

गैरवापर होईल, उद्या कुणी काही बोललं तरी आत टाकतील, अशी भीती काही लोकांना खरंच आहे आणि तिला उत्तर दिलं पाहिजे. अमेरिकेत वायोमिंग राज्यात ऑक्टोबर १९९८ मधे मॅथ्यू शेपर्ड नावाच्या गे विद्यार्थ्याला मारून कुंपणाला बांधून ठेवलं होतं, तो काही दिवसांनी वारला, आणि त्याच्या आणि जेम्स बर्ड या कृष्णवर्णीय माणसाच्या नावाने २००९ साली तिथे केंद्रीय कायदा झाला. तो लागतो शारीरिक इजा केली तर किंवा हत्याराने तसा प्रयत्न केला तर, नुसतं मत मांडलं म्हणून नाही. आणि हेतू सिद्ध करायची जबाबदारी सरकारी वकिलाची. आपल्यालाही तसं नीट लिहिता येईल. इंग्लंड-वेल्समधे पोलीस लैंगिक कल आणि ट्रान्स ओळख यावरून झालेल्या गुन्ह्यांची वेगळी नोंद ठेवतात आणि दरवर्षी आकडे जाहीर होतात. आपल्याकडे देशभरातल्या गुन्ह्यांचे आकडे ठेवणाऱ्या एनसीआरबीच्या अहवालात लैंगिक कलावरून झालेले गुन्हे असा रकानाच नाही, मग मंत्री कधीही म्हणू शकतात की अशा घटना घडत नाहीत.

अजून एक, एकमेकींवर प्रेम करणाऱ्या मुलींबद्दल. त्यांना मारणारे बहुतेक वेळा घरचेच असतात, त्यांच्यासाठी रस्त्यावरच्या हल्ल्यांचा कायदा पुरणार नाही. दोन मुली एकत्र राहायला निघून गेल्या की घरचे हरवल्याची तक्रार देतात आणि पोलीस त्यांना शोधून परत घरच्यांच्याच ताब्यात देतात. मदुराईच्या अशाच दोन मुली चेन्नईला गेल्या, प्रकरण मद्रास हायकोर्टात न्या. आनंद व्यंकटेश यांच्यापुढे आलं, त्यांनी निकाल देण्याआधी हा विषय समजून घ्यायला स्वतः मानसशास्त्रज्ञांकडे सेशन घेतलं आणि जून २०२१ च्या आदेशात पोलिसांना बजावलं की सज्ञान माणसं आपल्या मर्जीने गेलीत हे कळल्यावर त्यांना त्रास न देता तक्रार बंद करा. त्या प्रकरणातूनच पुढे २०२२ मधे तामिळनाडू सरकारने पोलिसांच्या वर्तणूक नियमात दुरुस्ती केली, एलजीबीटी (समलिंगी, तृतीयपंथी वगैरे) व्यक्तींना आणि त्यांच्यासाठी काम करणाऱ्यांना पोलिसांनी त्रास द्यायचा नाही, दिला तर खात्याच्या नियमांचा भंग.

यासाठी संसदेची वाट बघायची गरज नव्हती, पोलीस हा राज्याचा विषय आहे. महाराष्ट्राच्या गृहखात्यालाही हे एका अधिसूचनेने करता येईल आणि त्याच वेळी एफआयआर घेताना हल्ल्यामागचं कारण विचारून नोंदवावं असं परिपत्रक प्रत्येक पोलीस स्टेशनला पाठवता येईल. तुमच्या वार्ताहरांनी येत्या अधिवेशनात गृहमंत्र्यांना हे थेट विचारावं, आणि जे उत्तर येईल ते पहिल्या पानावर छापावं अशी विनंती.

आपली,
एक वाचक
(नाव, पत्ता कार्यालयात दिला आहे, त्या मुलाची ओळख कळू नये म्हणून कृपया छापू नये.)