पोटातल्या गंभीर जंतुसंसर्गाच्या नोंदवहीसाठी आवाहन

सर्व सभासद, माजी पदाधिकारी आणि हितचिंतकांस सप्रेम नमस्कार.

१८९४ साली डॉ. वॉन्लेस यांनी रुग्णालय उघडलं तेव्हापासून मिरज शस्त्रक्रियेसाठी ओळखली जाते. त्या मानाने आपली संस्था लहान, पण अपेंडिक्स फुटलेला, अल्सर किंवा टायफॉइडने आतड्याला भोक पडलेला रुग्ण आपल्यापैकी कुणी रात्री परत पाठवल्याचं ऐकिवात नाही. याचा मला अभिमान आहे.

अशा रुग्णांची नोंदवही उभी राहिली ती आपल्या ज्येष्ठ सरांच्या आग्रहामुळे. निवृत्तीनंतरही त्यांनी स्वतः रकाने आखून दिले, प्रत्येक ऑपरेशन थिएटरमध्ये (ओटीत) वह्या नेऊन ठेवल्या आणि अर्धवट भरलेलं पान दिसलं की त्याच संध्याकाळी फोन केला. सर गेल्यावर वहिनींनी त्यांच्या नावाने संगणक दिला. सांगलीच्या हळद बाजारातल्या व्यापारी बंधूंनी न मागता दोनदा मदत पाठवली. लॅबच्या ताईंनी गरिबांची पस कल्चर्स, म्हणजे पुवातला जंतू आणि त्याला लागू पडणारं औषध शोधणाऱ्या तपासण्या, निम्म्या दरात केली आणि कधी बोलूनही दाखवलं नाही. या सगळ्यांचं ऋण शब्दांत मावणारं नाही.

२०१४-१५ मध्ये ५४ देशांतल्या १३२ रुग्णालयांनी अशा साडेचार हजारांवर रुग्णांची नोंद केली. एकूण मृत्यू ९.२ टक्के होते. सेप्टिक शॉकमध्ये गेलेल्यांत, म्हणजे जंतुसंसर्गाने रक्तदाब कोसळलेल्यांत, मात्र ६७.८ टक्के. सांधेदुखीच्या गोळ्या खाऊन अल्सर फुटलेला आणि दोन दिवस गावातच इंजेक्शनं घेत राहिलेला आपला शेतमजूर यातल्या कोणत्या रकान्यात बसतो, हे आपल्या वहीशिवाय कोण सांगणार? २०१५ मध्ये अमेरिका-कॅनडातल्या ५१८ रुग्णांवरच्या अभ्यासात दिसलं, की पू नीट काढून टाकल्यावर चारच दिवस अँटिबायोटिक दिलं तरी निकाल साधारण आठ दिवसांइतकाच येतो. आपले रुग्ण उशिरा येतात, म्हणून आपण धास्तीने औषध लांबवतो. ते बरोबर की चूक, हे पडताळून बघायला हवं.

आणि कल्चरच नसेल तर पडताळणार काय? पहाटे पोट उघडून काढलेला पू निर्जंतुक बाटलीत भरून ठेवतो. नातेवाईक रक्त आणि औषधांच्या पैशांसाठी धावत असतात. कल्चरचे पैसे राहून जातात आणि नंतर ती बाटली तशीच टाकली जाते. कोणता जंतू होता, त्याला कोणतं औषध लागू पडलं असतं, काहीच हाती लागत नाही.

मागच्या वर्षी हेच पत्र पाठवलं होतं. ग्रुपवर अंगठे पुष्कळ आले, पैसे मोजक्यांनीच दिले, आणि काही ओटींतल्या वह्या कोऱ्याच परत आल्या. स्नेहभोजनाची वर्गणी आठवड्यात जमते, म्हणून वाईट वाटतं.

गरज रु. २,४०,०००, जमा रु. ७०,०००; खर्च गरजूंच्या कल्चरचा आणि नोंदी भरणाऱ्या मुलीच्या मानधनाचा. जमलेले पैसे मार्चपर्यंतच पुरतील. धनादेश संस्थेच्या नावे, खाते क्रमांक ग्रुपवर, पावती खजिनदारांकडे. एथिक्स कमिटीची परवानगी आहे. रुग्णाची संमती घ्यावी, वहीत नाव लिहू नये, तिसाव्या दिवसाची स्थिती जरूर भरावी. पैसे देणं जमत नसेल त्यांनी वही भरून द्यावी, तीही देणगीच समजू. ३१ मार्चपूर्वी कृपया कळवावे.

आपला,
चिटणीस