डेड स्पेसबद्दल जरा नीट लिहा

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत व्हिडिओ गेम आणि हिंसा यावर जो लेख छापलात त्यात डेड स्पेसचं नाव एका ओळीत येऊन गेलं, अंतराळात राक्षसांचे हातपाय तोडत सुटायचं असला हा गेम, बस्स, आणि लगेच पुढच्या वाक्यात मुलांची डोकी कशी बिघडतात तिकडे गाडी वळली. हातपाय तोडायचे असतात हे खरंच आहे, ते नाकारायला हे पत्र नाही. पण ते का तोडायचे, कशाने तोडायचे आणि तोडणारा माणूस कोण, हे लेखकाने विचारलंच नाही, आणि गेमची सगळी भीती तर तिथेच आहे. म्हणून जरा लांबलचक लिहितोय, जागा नसेल तर शेवटचं कापा, पण मधलं कापू नका.

आधी गोष्ट थोडक्यात, कारण बऱ्याच वाचकांनी खेळला नसेल. डेड स्पेस 2008 च्या ऑक्टोबरमध्ये आला, इलेक्ट्रॉनिक आर्ट्सच्या रेडवूड शोअर्सच्या स्टुडिओने बनवला, त्याच स्टुडिओला पुढे व्हिसरल गेम्स नाव मिळालं. काळ भविष्यातला, पृथ्वीवरचा कच्चा माल संपलेला, म्हणून माणसं आख्खे ग्रह फोडून खनिजं काढतात (त्यातून खर्च तरी निघत असेल का हा प्रश्न मला दरवेळी पडतो, असो). हे फोडाफोडीचं काम करणारं एक अवाढव्य जहाज आहे, इशिमुरा. एजिस सेव्हन नावाच्या ग्रहावर काम चालू असताना त्याचा संपर्क तुटतो आणि केलियन नावाचं एक छोटं दुरुस्तीचं यान तिकडे पाठवलं जातं. झालेलं काय असतं, तर ग्रहावर मार्कर नावाची एक वस्तू सापडलेली असते, तिच्यापायी लोकांना भास व्हायला लागतात, वेड लागतं, आणि मेलेली माणसं मरून गप्प पडत नाहीत, भलत्याच आकारात उठून चालायला लागतात. हे नेक्रोमॉर्फ. यात एक धर्मपंथ पण आहे, युनिटॉलॉजी, त्यांना हे सगळं म्हणजे मोक्ष वाटतो, आणि खरं सांगायचं तर तो पंथ मला राक्षसांपेक्षा जास्त भीतीदायक वाटतो, पण तो विषय इथे काढला तर पत्र संपायचं नाही.

आता आपला हिरो. आयझॅक क्लार्क, नाव असिमोव आणि क्लार्क या दोन विज्ञानकथाकारांवरून उचललेलं. हा सैनिक नाही, पोलीस नाही, इंजिनियर आहे, आणि तो पण टेबलावर बसणारा नाही, हातात अवजार घेऊन मशीनच्या पोटात शिरणारा. मी स्वतः मेंटेनन्सच्या कामातला माणूस आहे त्यामुळे मला हे जास्त भिडलं असेल, पण गेमभर त्याला कामं काय लावलीयेत ती बघा. ट्राम बंद पडलीये ती चालू कर. इंजिन बंद आहे आणि जहाज ग्रहाच्या ओढीने खाली चाललंय, ते चालू कर. अशनी उडवणारी तोफ आपोआप चालत नाहीये आणि दगड जहाजावर येऊन आदळतायत, तर स्वतः जाऊन तोफेवर बस. झाडं वाढवायच्या डेकमध्ये हवा विषारी झालीये ती साफ कर. संदेश पाठवायची अँटेना बिघडलीये ती नीट कर. एक काम झालं की रेडिओवर दुसरं तयारच असतं, कोणी शाबासकी देत नाही, कोणी जेवलास का विचारत नाही. पहिल्या गेममध्ये तर तो एक शब्द बोलत नाही, फक्त धापा टाकतो आणि मार लागला की ओरडतो.

आणि त्याच्या हातात असतात ती बहुतेक खाणकामाची अवजारं. प्लाझ्मा कटर हे कापायचंच हत्यार, त्याची रेघ बटण दाबून आडवी नाहीतर उभी करता येते. रिपरमध्ये गोल करवतीचं पातं समोर हवेत तरंगत फिरत राहतं. खरी लष्करी म्हणावी अशी बंदूक एकच आहे, पल्स रायफल, आणि जुने खेळाडू तिला फारसा भाव देत नाहीत. फक्त कटरवर आख्खा गेम संपवणाऱ्याला तर वेगळी ट्रॉफी ठेवलीये.

आता का तोडायचे. नेक्रोमॉर्फचं डोकं उडवलं तरी तो येतच राहतो. बाकी गोळीबाराचे गेम खेळून हाताला सवय लागलेली असते की नेम डोक्यावर धरायचा, आणि इथे पहिलं हत्यार हातात येतं तिथेच भिंतीवर रक्ताने लिहिलेलं असतं की यांचे हातपाय कापा. म्हणजे काय करायचं, तर अंधाऱ्या बोळात समोरून काहीतरी धावत येतंय, हात थरथरतायत, आणि त्या अवस्थेत धावणाऱ्या बारीक हातावर शांतपणे नेम धरायचा, कटर आडवा की उभा ते ठरवायचं, आणि चुकलात तर गोळी गेली. घाबरलेल्या माणसाकडून बारीक काम करून घ्यायचं, अशी ही सगळी आखणी आहे. डोळे मिटून बटण दाबत सुटलात तर मरता. लेखात म्हटलंय तसं तोडत सुटायची सोयच नाही, कारण तेवढ्या गोळ्याच कोणी देत नाही.

हा टंचाईचा मुद्दा नीट लक्षात घ्या कारण माझं सगळं म्हणणं त्यावरच उभं आहे. गोळ्या कमी, औषध कमी, सामान ठेवायला जागा कमी, निर्वात जागेत गेलात तर ऑक्सिजन पण मोजून. हत्यार सुधारायला पॉवर नोड लागतात, आणि तेच नोड काही कुलूपबंद खोल्या उघडायला पण लागतात, म्हणजे हातातला नोड कटरवर घालू की त्या दाराच्या आत काय आहे ते बघू, हा हिशोब करत माणूस दारासमोर उभा राहतो आणि मागे छतातल्या नळीतून काहीतरी सरपटत गेल्याचा आवाज येतो. त्यात गेमने डोळ्याला पण आधार ठेवला नाहीये. स्क्रीनच्या कोपऱ्यात हेल्थचा पट्टा नाही, गोळ्यांचा आकडा नाही, जीव किती उरलाय ते आयझॅकच्या सूटवर, पाठीच्या कण्यावरच्या दिव्यांत दिसतं आणि गोळ्या हत्यारावरच उमटतात. सामान बघायला मेनू उघडला तर तो त्याच्यासमोर हवेत उघडतो आणि गेम थांबत नाही, तुम्ही औषध शोधताय तोवर मागचा येऊन मारून जातो. जरा पॉझ घेऊन श्वास घ्यावा म्हटलं तर त्याला साधं पॉझचंच बटण, बाकी कुठे आडोसा नाही.

आवाजाबद्दल तर वेगळं पत्र लागेल. ऑडिओचं काम डॉन वेका यांच्याकडे होतं, संगीत जेसन ग्रेव्ह्जचं. यांनी एक युक्ती केली, जहाजातल्या जागांना आणि प्राण्यांना भीतीचा एक अदृश्य आकडा लावला, फिअर एमिटर म्हणतात त्याला, तुम्ही जसे जवळ जाल तसे संगीताचे थर आपोआप चढत जातात, त्यामुळे समोर काही दिसत नसताना पण पोटात गोळा येतो. ग्रेव्ह्जने वाद्यवृंदाला सुरेल धून वाजवायला न लावता तारा खरवडून, घासून, हवे तसे आवाज काढायला लावले. सॅन फ्रान्सिस्कोकडच्या बार्ट रेल्वेची कर्कश किंचाळी पण रेकॉर्ड करून यात वापरलीये. आणि मग निर्वात जागा येते. जहाजाच्या बाहेरच्या अंगाला गेलात की सगळं बंद, हवाच नाही तर आवाज जाणार कुठून, फक्त हेल्मेटच्या आतला श्वास आणि हत्यार चालवलं तर सूटमधून येणारा दबका धक्का. पाठीमागून कोण येतंय हे कानाला कळतच नाही. अंतराळातल्या लढाईत धडामधूम स्फोट ऐकवणाऱ्यांनी हे एकदा खेळून बघावं. 2009 मध्ये याला बाफ्टाचे, म्हणजे ब्रिटिश अकादमीचे, दोन पुरस्कार मिळाले, ऑडिओचा आणि संगीताचा, आणि ते दोन्ही रक्तासाठी नव्हते.

बरं मी म्हणतो म्हणून नको, कंपनीनेच याचा प्रयोग करून दाखवलाय. दुसरा भाग 2011 मध्ये आला, शनीच्या टायटनवरच्या वस्तीत घडणारा, तो दणकट आहे. मग 2013 मध्ये तिसरा आला. त्यात सगळ्या हत्यारांना एकच सामायिक गोळी केली, म्हणजे कुठली गोळी जपायची हा प्रश्नच मिटला. दोघांनी मिळून खेळायची सोय आली. आणि कळस म्हणजे हत्यारं बनवायला लागणारं सामान खऱ्या पैशाने विकत घ्यायची सोय ठेवली. रक्त तेवढंच, तुटणारे हातपाय तेवढेच, राक्षस तर उलट जास्त, आणि भीती? गेली. जी टंचाई घाम फोडायची तीच दुकानात विकायला काढल्यावर घाबरायचं कशाला. (एक गोष्ट मात्र मान्य, दोघं खेळत असताना दुसऱ्याला जे भास दिसतात ते काही ठिकाणी तुमच्या स्क्रीनवर दिसतच नाहीत, तुम्ही त्याला विचारता काय झालं आणि तो वेगळंच काहीतरी बघत असतो. ही कल्पना एवढी भारी आहे की ती चांगल्या गेममध्ये यायला हवी होती.) मालिका तिथेच अडकली आणि 2017 मध्ये व्हिसरल स्टुडिओच बंद केला.

मूळ गेमचे एक कर्ते ग्लेन स्कोफिल्ड यांनी पुढे वेगळ्या स्टुडिओतून कॅलिस्टो प्रोटोकॉल काढला, डिसेंबर 2022 मध्ये, गुरूच्या कॅलिस्टो या चंद्रावरच्या तुरुंगात घडतो. दिसायला जबरदस्त आणि मारामारी अंगावर येईल इतकी जवळून, पण डावीकडे झुक, उजवीकडे झुक, दांडका हाण, याची एकदा सवय झाली की छातीतली धडधड कमी होते, निदान माझी तरी झाली. उलट एलियन आयसोलेशन घ्या, क्रिएटिव्ह असेंब्लीचा, 2014 चा. तिथे जवळपास सगळी भीती एका प्राण्यावर उभी आहे, त्याला मारताच येत नाही, आगीचा झोत मारून थोडा वेळ पळवता येतं एवढंच. तुम्ही कुठे आहात हे गेमच्या एका भागाला कायम माहीत असतं पण तो त्या प्राण्याला नेमकी जागा सांगत नाही, साधारण दिशा सांगतो, शोधायचं त्याने. गेम सेव्ह करायला भिंतीवरच्या यंत्रापाशी उभं राहून थांबावं लागतं आणि तेवढ्यात तो मागून येऊन मारू शकतो. मारामारी नावाला, आणि लोक कपाटात लपून कंट्रोलर घट्ट धरून बसतात. तुमच्या लेखकाच्या हिशोबाने हा सौम्य गेम धरायला पाहिजे, खेळून बघा म्हणावं.

आणि 2023 च्या जानेवारीत पहिल्याच डेड स्पेसची नवी आवृत्ती आली, मोटिव्ह स्टुडिओची. आयझॅक आता बोलतो, पण मोजकं. आख्खं जहाज सलग आहे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जा नाहीतर ट्रामने. आधी साफ केलेल्या बोळात परत गेलात तर गेम स्वतःच ठरवतो की या वेळी दिवे घालवू, नुसता आवाज काढू की खरंच काहीतरी सोडू, त्यामुळे कुठलीच जागा आपली होत नाही. मला सगळ्यात आवडले ते वीज वळवायचे बोर्ड. काही ठिकाणी वीज एका गोष्टीपुरतीच असते, यंत्राला द्यायची तर दिवे नाहीतर ऑक्सिजन यातलं एक बंद करायचं. अंधारात जाऊ की श्वास मोजत जाऊ, तुम्हीच ठरवा. एवढं साधं स्विचबोर्डचं काम आणि मी तिथे किती वेळ नुसता उभा राहिलो असेन. कापाकापी यात पण आहे, मांस हाडापर्यंत थराथराने निघतं, आणि हो, ते किळसवाणं आहे. ते बघवत नाही म्हणणाऱ्याशी माझा काही वाद नाही. ज्याने खेळला नाही त्याने गेममध्ये तेवढंच आहे म्हणून सांगावं, वाद त्याच्याशी आहे.

मुलांचं म्हणाल तर हा गेम मुलांसाठी नाहीच, आणि ते गेम बनवणाऱ्यांनी लपवलेलं नाहीये. गेमना वयाचा शिक्का देणाऱ्या संस्था असतात, त्यातल्या युरोपातल्या पेगीचा 18 चा शिक्का आहे, अमेरिकेतल्या ईएसआरबीचा मॅच्युअर, म्हणजे 17 च्या पुढे. डब्यावर समोरच छापलेलं असतं. ते न बघता दहा वर्षाच्या पोराला कंट्रोलर देणाऱ्या मोठ्यांवर एक लेख काढा, पहिली प्रतिक्रिया माझी असेल, आणि ती तुमच्या बाजूने असेल.

तर दोन विनंत्या. गेमवर काही छापाल तेव्हा वयाचा शिक्का बाजूच्या चौकटीत छापत जा, सिनेमाचा जसा सगळ्यांना माहीत असतो तसा हा पण होऊ दे. आणि सिनेमाचं परीक्षण जसं सिनेमा बघितलेल्या माणसाकडून घेता तसं गेमवरचं खेळलेल्या माणसाकडून घ्या, शेवटपर्यंत खेळलेल्या. लेखकाला आता खेळायचाच असेल तर 2023 वाली आवृत्ती घ्यावी, मिडियम लेव्हल पुरे, हेडफोन लावून. जुन्या गेमच्या बारा भागांच्या नावांची पहिली अक्षरं इंग्रजीत जोडून बघू नका मात्र, आख्खं गुपित तिथेच फुटतं.

आपला,
एक जुना वाचक